वाफसा कुणासाठी थांबत नाही : छोट्या ट्रॅक्टरचं पुढचं अवजार निवडताना

अक्षय्य तृतीया उलटली की एक प्रश्न हमखास येतो. कधी फोनवर, कधी बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर. "वीस-पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला, सोबत रोटाव्हेटर घेतला. हातात थोडे पैसे आहेत. आता पुढचं अवजार कोणतं घेऊ?" विचारणाऱ्याकडे बहुधा तीन ते सहा एकर रान असतं, आणि शेजाऱ्याने नुकतंच काहीतरी नवं आणून दारात उभं केलेलं असतं.

या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही, कसोटी मात्र एकच आहे. ज्या कामाला थांबता येत नाही, त्याचं अवजार घरचं असावं. ज्याला थांबता येतं, ते भाड्याने आणावं. ही कसोटी तुमच्या रानाला कशी लावायची, ते पाहू.

१. आधी यादी, मग दुकान

एका वहीत चार रकाने आखा : काम, किती एकर, वर्षात किती वेळा, आणि किती दिवस थांबता येतं. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा घेणाऱ्या पाच एकरवाल्याची वही साधारण अशी दिसेल :

- नांगरट : ५ एकर, फार तर एकदा. महिनाभर थांबता येतं.
- मोगडणी, वखरपाळी : ५ एकर, दोन-तीन वेळा. आठवडाभर थांबता येतं.
- पेरणी : ५ एकर, दोन हंगाम मिळून दोनदा. दोन-तीन दिवस, त्यापुढे नाही.
- फवारणी : ५ एकर, तीन-चार वेळा. कीड-रोग वाढला की एक-दोन दिवस.
- मळणी : हंगामाला एकदा. ढग आले तर घाई, एरवी सवड.
- वाहतूक : शेणखत, बियाणं, धान्य, चारा. वर्षभर थोडी थोडी.

या यादीत सर्वांत महागडं काम नांगरटीचं दिसतं, म्हणून पुष्कळजण आधी पलटी नांगराकडे वळतात. पण शेवटचा रकाना पाहा. नांगरट एप्रिलमध्ये नाही झाली तर मेमध्ये होईल. पेरणीचं तसं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडला, भारी काळ्या रानात दोन दिवस पाय घालता आला नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती हातात घेतली. मूठ दाबली तर गोळा होतो, बोटाने टोचला तर फुटतो. वाफसा आला. नेमका त्याच सकाळी तो सगळ्या गावाला येतो.

भाड्याने पेरणी करून देणारा आधी स्वतःचं रान पेरतो, मग भावकीचं, मग वीस एकर एका जागी असलेल्याचं. तीन एकरवाल्याचा नंबर लागेपर्यंत एकतर वरची ओल उडालेली असते, नाहीतर पुन्हा पाऊस आलेला असतो. त्यात भाडेवाल्याचा दोष नाही, वाफसा कुणासाठी थांबत नाही एवढंच.

२. भाडं परवडतं की विकत? कागदावर मांडा

उदाहरणादाखल एक हिशोब करू. आकडे मानलेले आहेत, तुमच्या गावचे घाला. समजा अवजार ६०,००० रुपयांचं आहे. दहा वर्षं चालेल आणि शेवटी १०,००० ला जाईल.

- घसारा : वर्षाला ५,००० रुपये
- अडकलेल्या पैशाचं व्याज (सरासरी ३५,००० वर ९ टक्के) : ३,१५० रुपये
- दुरुस्ती, झिजलेले भाग, ग्रीस-तेल : ३,००० रुपये
- एकूण : ११,१५० रुपये. अवजार शेडमध्ये उभं राहिलं तरी यातले आठ हजार जातातच.

आता गावात त्या कामाचं भाडं एकरी १,००० रुपये आहे आणि घरच्या ट्रॅक्टरला एकरी ३०० रुपयांचं डिझेल लागतं असं धरा. घरी काम केल्यावर एकरामागे ७०० रुपये वाचले. ११,१५० भागिले ७०० म्हणजे जवळपास १६. वर्षात १६ एकर काम भरलं तर अवजार फिटतं. पाच एकरांत तीन पाळ्या म्हणजे १५, जेमतेम काठावर. पाच एकरांत एकच पाळी असेल तर भाडंच स्वस्त.

पण या हिशोबात वाफसा धरलेला नाही. पेरणी चार दिवस उशिरा झाली, उगवण विरळ झाली, दुबार पेरणी करावी लागली, तर बियाणं-खताचा दुसरा खर्च शेजारी लिहा. म्हणून थांबणाऱ्या कामाला फक्त भाड्याचा हिशोब लावा, न थांबणाऱ्या कामाला भाडं अधिक उशिराचं नुकसान असा हिशोब लावा.

३. तुमचा ट्रॅक्टर किती ओढतो?

इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. चोवीस एचपीच्या ट्रॅक्टरला मी पाच फुटी रोटाव्हेटर घेतला. विक्रेता म्हणाला, "आरामात ओढतो, काका." त्याने दुकानामागच्या भुसभुशीत रानात चालवूनही दाखवला. घरच्या काळ्या रानात तिसऱ्याच पट्ट्याला इंजिन घुसमटायला लागलं. खोली निम्मी केली, गिअर उतरवला, तेव्हा कुठे तो रांगत चालला. बांधाजवळ वळताना अवजार उचललं आणि पुढची चाकं वीतभर वर आली. स्टिअरिंग फिरत होतं, पण ट्रॅक्टर सरळच चालला होता. दुसऱ्या वर्षी तो रोटाव्हेटर तोट्यात विकला.

दुकानात जाण्याआधी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून एवढं उतरवून घ्या :

- पीटीओ एचपी : इंजिनची सगळी ताकद मागच्या शाफ्टपर्यंत पोहोचत नाही. फिरणारं अवजार घेताना पीटीओचा आकडा पाहा. इंजिन एचपीवरून ठोकताळा लावायचा तर रोटाव्हेटरला रुंदीच्या एका फुटामागे ६ ते ८ एचपी लागतात. पंचविशीच्या ट्रॅक्टरला चार फूट पुरे, भारी रानात त्याहूनही कमी.
- पीटीओचे फेरे : बहुतेक अवजारं मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेली असतात. तुमच्या ट्रॅक्टरला ते किती इंजिन आरपीएमवर मिळतात, ते पाहा.
- लिफ्टची क्षमता : पुस्तिकेतला आकडा बहुधा लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. अवजाराचं वजन जितकं मागे, तितकं ते ट्रॅक्टरला जड. पेरणी यंत्र घेताना पेटीतलं खत-बियाणंही वजनात धरा.
- पिनांची जाडी : थ्री-पॉइंट लिंकेजच्या पहिल्या श्रेणीत खालच्या पिना २२ आणि टॉपलिंकची पिन १९ मिलिमीटरची असते. दुसऱ्या श्रेणीत त्या २८ आणि २५ मिलिमीटरच्या. पिनेत फरक असला तर बुश घालून जमवता येतं, पण मोठ्या श्रेणीचं अवजार बहुधा मोठ्या ट्रॅक्टरसाठीच बनलेलं असतं.
- रुंदी : मागच्या टायरांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. मशागतीचं अवजार त्याहून अरुंद असेल तर टायरने दाबलेली पट्टी तशीच राहते. बागेत उलट. तिथे ओळींमधलं अंतर मोजून दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा.

४. कोणतं अवजार कुणाला?

मोगडा (कल्टिव्हेटर). रोटाव्हेटर आहे पण मोगडा नाही अशी घरं पुष्कळ आहेत, आणि रानाचं नुकसान तिथेच होतं. रोटाव्हेटर चार-सहा इंचच खाली जातो. दरवर्षी फक्त तोच मारत गेलात तर त्याच्या खाली माती घट्ट होऊन थर बसतो, पाणी मुरत नाही आणि मुळं आडवी जातात. रानात ओल असताना टोकदार सळई हाताने दाबून पाहा. सहा-सात इंचांवर ती जागजागी अडत असेल तर थर बसलाय असं समजा. पाच फणांचा मोगडा लहान ट्रॅक्टर ओढतो, नऊ फणांचा मोठ्यांसाठी. दगडगोट्यांच्या मुरमाड रानात स्प्रिंगचे फण घ्या, स्वच्छ रानात साधे चालतात. पीटीओ नाही, गिअरबॉक्स नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नसतं. तुमच्याकडे फक्त रोटाव्हेटर असेल तर पहिला विचार मोगड्याचा करा.

पेरणी यंत्र. सोयाबीन, हरभरा, मका किंवा तूर घेणाऱ्यांसाठी कसोटीला उतरणारं पहिलं अवजार हेच. ओळींमधलं अंतर बदलता येतं का, तेच आधी पाहा. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर आणि हरभरा ३० वर पेरायचा असेल तर एकाच अंतराला जखडलेलं यंत्र अर्धंच उपयोगी. बियाण्याच्या आकाराप्रमाणे तबकड्या बदलता याव्यात, खताची पेटी वेगळी असावी आणि खोली ठरवता यावी. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवण मार खाते. पाऊस कधी धो धो तर कधी गायब, अशा भागात रुंद वरंबा-सरी म्हणजे बीबीएफ यंत्राची चौकशी करा. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. मात्र ते ओढायला ताकद जास्त लागते. लहान ट्रॅक्टरसाठी बनवलेलंच घ्या, नाहीतर भाड्याने आणा.

फवारणी यंत्र. द्राक्ष-डाळिंबवाल्यांचं न थांबणारं काम फवारणी. ढगाळ हवेत डाऊनी दिसला की भाड्याच्या ब्लोअरची वाट पाहत बसता येत नाही. ब्लोअर घेताना टाकी भरल्यावरचं वजन धरा : २०० लिटरच्या टाकीत पाणीच २०० किलो. शेतातल्या पिकांना ब्लोअर लागत नाही, तिथे बूम किंवा पाठीवरचा पंप पुरतो.

ट्रॉली. वर्षात सर्वांत जास्त दिवस वापरली जाते, म्हणून भाड्याच्या हिशोबात ती बहुधा जिंकते. पण ट्रॉलीची आरटीओ नोंदणी, विमा, मागे लाल रिफ्लेक्टर हे सगळं किंमतीत धरा. ट्रॉलीत माणसं बसवून नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच विचारते.

पलटी नांगर, सबसॉयलर, मल्चर. ही तिन्ही जड कामं आणि तिन्हींना थांबता येतं. सबसॉयलर लहान ट्रॅक्टरला ओढवतच नाही. घट्ट थर फोडायला तीन-चार वर्षांतून एकदा मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला बोलवा. उसाच्या पाचटाची कुट्टीही भाड्यानेच परवडते.

कडबाकुट्टी. दूधवाल्यांनो, ती पीटीओवर न घेता विजेच्या मोटरवर घ्या. रोज तासभर ट्रॅक्टर दावणीला बांधून ठेवण्यात शहाणपण नाही.

भात खाचरं असलेल्या कोकणातल्या वाचकांसाठी : तुमचं न थांबणारं काम म्हणजे चिखलणी. आधी चिखलाच्या लोखंडी चाकांचा विचार करा. रोटाव्हेटर असेल तर बाकी काम तोच करतो.

५. विकत आणि भाडं यांच्या मधली वाट

- सामाईक खरेदी : तिघा-चौघांनी मिळून घ्यायचं तर ज्यांची पिकं किंवा रानं वेगळी आहेत असे भागीदार शोधा. चौघांचंही सोयाबीन एकाच शिवारात असेल तर वाफशाच्या सकाळी चौघांनाही यंत्र हवं. नंबर दरवर्षी फिरता ठेवा. दुरुस्तीचा खर्च कोण देणार, कुठे ठेवणार, वाटणी मोडली तर किंमत कशी ठरवणार, हे कागदावर लिहून सह्या करा. सख्खे भाऊ असाल तरी लिहा.
- अवजारे बँक : गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या अवजारे बँकेत नोंदणी आगाऊ होते का, ते हंगामाआधी विचारून ठेवा.
- भाड्याने देऊन फेडू, हा विचार : हंगामात तुम्हाला वेळ नसतो तेव्हाच मागणी असते, आणि तुम्हाला सवड असते तेव्हा कुणालाच गरज नसते. भाड्याची कमाई हिशोबात निम्मीच धरा.

६. अनुदान : आधी संमती, मग खरेदी

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्पभूधारक, अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान मिळतं. प्रत्येक अवजाराला कमाल मर्यादा असते आणि टक्केवारी व मर्यादा यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टर असेल तर अल्पभूधारक.

महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. क्रम असा :

1. शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) काढून घ्या. आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे ना, ते तपासा.
2. अर्ज भरा. अवजाराचं नाव आणि ट्रॅक्टरचा एचपी गट नीट निवडा, पुढे अडचण बहुधा इथेच येते.
3. निवड झाल्याचा संदेश आला की कोटेशन, त्या मॉडेलचा तपासणी अहवाल आणि ट्रॅक्टरचं आरसी पुस्तक अशी मागितलेली कागदपत्रं चढवा.
4. पूर्वसंमती पत्र हातात आल्यावरच आणि त्यातल्या मुदतीत खरेदी करा. आधी घेतलेल्या अवजाराला अनुदान मिळत नाही.
5. पैसे बँकेतूनच द्या. बिल चढवा आणि मोका तपासणीला अवजार घरी ठेवा.

दोन खाचखळगे : पूर्वसंमतीला उशीर होत असेल आणि पेरणी तोंडावर असेल, तर त्या हंगामापुरतं भाड्याने भागवा. घाईत घेतलंत तर अनुदान जाईल. आणि अनुदान मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठं अवजार घेऊ नका. निम्म्या किंमतीत आणलेलं, पण न ओढवणारं अवजार पूर्ण किंमतीचंच पडतं. अनुदानाचं अवजार ठरावीक काळ विकताही येत नाही, तेव्हा हमीपत्रातली मुदत वाचून सही करा.

७. दुकानात काय पाहाल?

- जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशन त्याच दराने आहे ना, पाहा.
- तपासणी अहवाल : मध्य प्रदेशातल्या बुदनी किंवा हरियाणातल्या हिसार इथल्या सरकारी संस्थांसारख्या मान्य केंद्रांचा अहवाल त्याच मॉडेलचा, त्याच रुंदीचा हवा.
- रोटाव्हेटरचा ड्राइव्ह : बाजूला गिअर असेल तर महाग पण दगडी रानात टिकाऊ, साखळी असेल तर स्वस्त पण ताण सांभाळावा लागतो. सर्वसाधारण रानाला एल आकाराची पाती चालतात.
- सुटे भाग : पाती, बेअरिंग, सील तालुक्याच्या गावी मिळतात का, ते दुसऱ्या दुकानात जाऊन विचारा.
- चाचणी स्वतःच्या रानात, स्वतःच्या ट्रॅक्टरला : दुकानामागच्या भुसभुशीत रानावर विश्वास ठेवू नका. एवढं मी स्वतःच्या पैशाने शिकलो आहे.

जुनं अवजार घेताना रोटर उचलून हाताने वर-खाली हलवा. खडखड आली तर बेअरिंग गेलेलं. गिअरबॉक्सचा बोल्ट सोडून तेल पाहा, ताकासारखं पांढरं दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. ताज्या रंगाखाली वेल्डिंगची गाठ बोटाला लागते का, ते चाचपा. मूळ बिल नसेल तर घेऊ नका.

८. तुमचे हक्क

- मॉडेल, अनुक्रमांक आणि जीएसटी दाखवणारं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड तुमचा हक्क आहे. "कार्ड नंतर पाठवतो" असं म्हणाले तर शेवटचा हप्ताही नंतरच द्या.
- तक्रार आधी लेखी करा. तारखेसह फोटो आणि व्हिडिओ ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा.
- तरीही तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.
- स्वतःच्या शेतासाठी, पोटापाण्यासाठी घेतलेलं अवजार असेल तर तुम्ही ग्राहकच. मात्र ड्रायव्हर ठेवून भाड्याचा मोठा धंदा करत असाल तर "व्यापारी वापर" अशी हरकत येऊ शकते.

९. जोडण्याआधी एवढं सांभाळा

पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढू नका. ओढणी, पदर, गळ्यातला गमछा त्या शाफ्टला किती लवकर सापडतो, ते ज्याने पाहिलंय तो पुन्हा ते कव्हर काढत नाही. रोटाव्हेटरमध्ये गवत अडकलं तर इंजिन बंद करा, चावी खिशात टाका आणि मगच खाली वाका. लिफ्टवर उचललेल्या अवजाराखाली लाकडाचा ठोकळा लावल्याशिवाय हात घालू नका.

शेवटचं काम : वही ट्रॅक्टरशेडला टांगा

यंदा पैसे तयार असले आणि अजून ठरत नसेल, तर एक हंगाम थांबा. शेडच्या खिळ्याला वही टांगा, सुतळीने पेन बांधा. ज्या दिवशी एखादं काम अवजाराअभावी अडलं त्या दिवशी तारीख, काम आणि "वाट पाहिली" एवढंच लिहा. कोणी किती भाडं घेतलं, तेही लिहा. दिवाळीत वही उघडा. ज्या कामापुढे "वाट पाहिली" सर्वांत जास्त वेळा आलं असेल, त्या कामाचं अवजार आधी घ्या. शेजाऱ्याच्या दारात काय उभं आहे, ते बघायला मग तुम्हाला सवड मिळेल.